निनूची पाठ

एका गावात एक भोळा पैलवान होता. नाव निनू. अंगानं आडवातिडवा, खुराकाला दांडगा, आणि मनानं इतका सरळ की जे सांगाल ते सांगाल तसंच करायचा. त्यात तसूभर फरक नाही. तीच तर पंचाईत होती.

गावच्या तालमीत तो लहानपणापासून जायचा. तालमीचे वस्ताद धोंडीराम. मिशा पांढऱ्याफेक, आवाज खणखणीत, आणि उभ्या जन्मात आपल्या पाठीला माती लागली नाही याचा भारी अभिमान. ते एकदा निनूला म्हणाले, "लेका, कुस्तीत गड्यानं पाय रोवून उभं राहावं." दुसऱ्या दिवशी निनू खोरं घेऊन आखाड्यात आला. त्यानं खड्डा काढला, पोटऱ्यांपर्यंत दोन्ही पाय मातीत पुरले आणि उभा राहिला. समोरच्यानं छातीला नुसतं बोट लावलं. निनू मागं आडवा. पाय मातीत, पाठ मातीवर. त्याला उकरून काढायला पुन्हा तेच खोरं लागलं.

अशा या निनूवर वस्तादांच्या मुलीचा, शालनचा, जीव जडला होता. का, ते मला विचारू नका. आम्ही तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "बाकीचे बोलतात एक आणि करतात भलतंच. हा एकटा सांगितलेलं करतो." आता यावर माणसानं काय बोलायचं?

वस्तादांच्या कानावर गेलं. घरात भांडी आपटली. दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी वस्तादांनी अट घातली. "त्या निनूनं एक लढत मारून दाखवावी. एकच. पण पाठ न टेकता. ऊठसूट पाठ टेकणारा जावई मला नको. दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सांगलीच्या पाहुण्यांना होकार."

शालन निनूला तालमीच्या मागं भेटली. "निनू, एकदा जिंक रे. एकदाच. पुढं जन्मभर हरलास तरी मी चकार शब्द काढणार नाही."

"बरं," निनू म्हणाला.

निनूची मावशी इचलकरंजीला राहायची. तिच्या गल्लीत तेलाच्या घाण्यावर एक हॉल होता आणि तिथं प्रज्ञा मॅडम जिउ-जित्सू शिकवायच्या. ही ब्राझीलची कुस्ती. मातीत नाही, गादीवर. लंगोट नाही, जाड सुती डगला आणि कमरेला पट्टा. निनूच्या आईनं विचार केला, इथल्या मातीत पोरगं जिंकत नाही, निदान परक्या गादीवर तरी जिंकेल. तिनं भाकरी बांधून दिली आणि त्याला मावशीकडं धाडलं.

मॅडमनी पहिला धडा दिला. "निनू, इथं पाठ टेकली म्हणजे हरलो असं नसतं. कुणी अंगावर आला की घाबरायचं नाही. आपणच खाली बसायचं, पाठीवर जायचं आणि पाय त्याच्या-आपल्या मध्ये आणायचे. याला म्हणतात गार्ड. खालच्याला लोक दुबळा समजतात, पण लढायला त्याचे दोन हात मोकळे असतात आणि दोन पायही मोकळे असतात. वरच्याचे पाय अंग सावरण्यातच गुंतलेले."

निनूला हे फार म्हणजे फारच आवडलं. आडवं पडूनही जिंकता येतं हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"आता कळलं, मॅडम," तो म्हणाला.

पुढल्याच आठवड्यात गावची जत्रा. कुस्त्यांचं मैदान भरलं. निनूची जोड लागली कवठ्याच्या गड्याशी. हलगी घुमली, सलामी झाली. कवठ्याचा गडी शड्डू ठोकून अंगावर आला. निनू शांतपणे खाली बसला, पाठीवर आडवा झाला, पाय वर केले आणि वाट बघू लागला.

हलगीवाला वाजवायचा थांबला. कवठ्याचा गडी बिचारा पंचांच्या तोंडाकडं बघायला लागला, कारण त्यानं अजून हातसुद्धा लावला नव्हता. पंच वाकून म्हणाले, "बरं वाटत न्हाई का रं?"

"मी बरा हाय," निनू म्हणाला. "त्याला म्हणावं, ये."

पंचांनी कवठ्याच्या गड्याचा हात वर केला. वस्तादांनी पटका डोळ्यांवर ओढून घेतला.

निनू इचलकरंजीला परत. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं."

"मग?"

"मग हरलो."

मॅडमनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो. गार्ड घ्यायचा तो गादीवर. गादी असेल तरच. आणि नुसते पाय वर करून काय होणार? समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घाल. त्याच्या पाठीमागं घोटे एकमेकांत अडकव आणि त्याला छातीशी ओढून धर. जवळ असला की त्याला जोर लावता येत नाही."

"आता कळलं, मॅडम."

तो 'कळलं' म्हणाला की समजावं, आता काहीतरी घडणार.

इकडं आईनं काय केलं, बिघडलेलं सावरावं म्हणून वस्तादांना चहाला बोलावलं. सोप्यात गादी घातली, वर धुतलेली चादर अंथरली. वस्ताद आले, ऐसपैस बसले. "निनू, पाया पड," आई म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. निनू गादीवर येऊन पाया पडला. वस्ताद काही मनाचे वाईट नव्हते. लेकराला उठवावं म्हणून ते त्याच्या खांद्याला धरून पुढं झुकले. निनूनं खाली बघितलं. गादी होती. समोर बघितलं. माणूस अंगावर आला होता.

आई चहा घेऊन आली तेव्हा पटका एका कोपऱ्यात आणि वस्ताद निनूच्या छातीशी. विळखा पक्का. घोटे अडकलेले. वस्तादांचं तोंड निनूच्या सदऱ्यात दबलेलं, त्यातून आवाज येत होता, "सोड. सोड म्हणतो ना, लेका."

"सोडायचं अजून शिकवलेलं न्हाई," निनू म्हणाला.

खरंच होतं ते. आईनं हंड्यातलं गार पाणी ओतलं तेव्हा कुठं विळखा सुटला. वस्ताद ओल्या धोतरानं, चहा न घेता घरी गेले. गादी चार दिवस अंगणात वाळत होती.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं. गादी होती."

मॅडमनी आधी हॉलचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. सोडायचं आधी शिकवायला हवं होतं. ऐक. थाप मारली की सोडायचं. अंगावर हाताची थाप पडली की सोडलं. ताबडतोब. विचार नाही, प्रश्न नाही. यात चूक झाली की माणसाचा हात मोडतो."

"थाप पडली की सोडायचं."

"शाबास."

"आता कळलं, मॅडम."

त्या सुमारास वस्तादांच्या विहिरीत नवी मोटर बसवायची होती. दोराला बांधून ती हळूहळू खाली सोडायची म्हणजे दांडगे गडी हवेत, आणि सुगीच्या दिवसांत गडी कुठले मिळायला? शालन म्हणाली, "बाबा, निनूला बोलवा की. दोर धरायला काय अक्कल लागते?" पोरगी शहाणी, पण तिचाही अंदाज चुकला.

निनूनं दोर असा धरला की बाकीचे नुसते नावाला उभे. मोटर अलगद खाली चालली. ना हिसका, ना धक्का. वस्तादांना त्या पोराचं पहिल्यांदाच मनापासून कौतुक वाटलं. ते मागून आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास, निनू."

निनूनं सोडलं. ताबडतोब. विचार नाही, प्रश्न नाही.

बाकीच्यांच्या हाताची सालटी निघाली. विहिरीतून एक मोठा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. वस्ताद काठावर बसून पाण्याकडं बघत राहिले. मग उठले, घरात गेले आणि त्यांनी सांगलीला फोन लावला. दिवाळीची वाट बघायची गरज नाही, या सोमवारी मुलगी बघायला या म्हणाले.

शालन त्या दिवशी रडली. एरवी हसणाऱ्या पोरीला रडताना बघून आम्हाला वाईट वाटलं. निनू तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. तिनं डोळे पुसून विचारलं, "आता काही आहे का तुझ्या हातात?"

"रविवारी इचलकरंजीत स्पर्धा हाय."

"जिंकशील?"

"मॅडम सांगतील तसं करीन."

शालनला पुन्हा रडू फुटलं.

मॅडम एव्हाना तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करायला लागल्या होत्या. त्यांनी निनूला समोर बसवलं. "नीट ऐक. तुझ्या पकडीत जो आहे त्यानं थाप मारली तरच सोडायचं. बाजूच्यानं मारली तर सोडायचं नाही. साक्षात देवानं मारली तरी नाही. आलं लक्षात?"

"व्हय."

"आणि गळा सांभाळ. तू सगळीकडं गळा देऊन बसतोस. कुणाचे दोन्ही हात गळ्याकडं आले की खाली बस आणि पाय मध्ये घाल. दया नाही, माया नाही."

"समोर कुणी पण असू दे?"

"कुणी पण असू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त स्पर्धा होती.

"आता कळलं, मॅडम."

रविवारी शालन वडिलांना घेऊन स्पर्धेला आली. घेऊन आली म्हणजे ओढत आणलं. "सोमवारी पाहुणे येणारच आहेत. मी नाही म्हणणार नाही. पण आज एवढं बघा," असं म्हणाली. ती कधी कशासाठी हट्ट करायची नाही, म्हणून वस्ताद आले.

निनूसमोर मिरजेचा गडी. चपळ, काटक, नजर करडी. पंचांनी इशारा केला. निनू खाली बसला आणि पाठीवर गेला.

वस्ताद उठले. "झालं. टेकली पाठ. चल शालन, एसटी मिळंल."

शालननं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "बसा, बाबा."

मिरजेचा गडी डावीकडून गेला. निनूचे पाय डावीकडं. उजवीकडून गेला. पाय उजवीकडं. वरून उडी घ्यायला बघितली तर तळपाय छातीवर. वस्ताद उभेच होते, पण आता दाराकडं बघत नव्हते. शेवटी मिरजेचा गडी वैतागून आत घुसला आणि त्यानं दोन्ही हातांनी निनूच्या डगल्याची गळ्याजवळची पट्टी पकडली.

दोन्ही हात. गळ्याकडं.

निनूनं एक पाय त्याच्या खांद्यावरून मानेवर टाकला, दुसरा काखेतून काढला आणि दोन्ही एकमेकांत अडकवले. मान आत, एक हात आत. मग आवळलं. मिरजेच्या गड्याचं तोंड लालबुंद झालं. त्यानं निनूच्या मांडीवर थाप मारली. निनूनं मान उचलून आधी बघितलं की थाप कुणाची. पकडीतल्याचीच होती. त्यानं सोडलं.

पंचांनी निनूचा हात वर केला. निनू त्या वर गेलेल्या हाताकडं बघतच राहिला. मावशी रडायला लागली. मॅडमनी तर शिट्टी मारली. शालन मात्र वडिलांकडं बघत होती.

"मी मानत न्हाई," वस्ताद म्हणाले. "पाठ टेकली होती. सगळ्यांनी बघितली."

मॅडम पुढं आल्या. "वस्ताद, पाठ टेकलेला माणूस हरलेला असतो ना? मग या हरलेल्या माणसाच्या पकडीतून सुटून दाखवा."

असं भर हॉलमध्ये म्हटल्यावर कुठला वस्ताद मागं फिरेल? त्यांनी पटका काढून शालनच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि निनूच्या गार्डमध्ये शिरले. विळखा बसला. घोटे अडकले. वस्तादांनी उठायला बघितलं, निनूनं छातीशी ओढलं. कोपर लावून बघितलं. गुडघा घालून बघितला. चाळीस वर्षांत शिकलेलं सगळं करून बघितलं. मग दम खायला थांबले.

"थाप मारा, वस्ताद," मॅडम म्हणाल्या. "तो सोडेल."

"मी आजवर कुणापुढं हात टेकले न्हाईत."

"मग मी सोडत न्हाई," निनू म्हणाला.

झाली का पंचाईत? दोघंही शब्दाचे पक्के. शेजारच्या गादीवर पुढच्या लढती झाल्या. बक्षिसं वाटून झाली. मावशीनं घरून पोहे आणले आणि शालननं वडिलांना पकडीतच चमच्यानं भरवले. झाडूवाल्या बाई आल्या, त्यांनी या दोघांच्या भोवतीनं झाडून घेतलं.

"निनू," वस्ताद म्हणाले.

"जी."

"कंटाळून सोडशील की न्हाई?"

"न्हाई."

"भूक लागली तर?"

"मॅडमनी भुकंचं काही सांगितलं न्हाई."

वस्तादांनी एकदा शालनकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या लेकीचा हात असाच धरून ठेवशील?"

निनूनं नीट विचार केला. "हात कसा धरायचा ते दाखवा. तसा धरून ठेवीन."

वस्तादांनी डोळे मिटले. त्यांनी एक हात मोकळा करून घेतला आणि निनूच्या खांद्यावर हलकेच थाप मारली. ती हरल्याची होती की मायेची, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. निनूनं सोडलं. आणि त्याच संध्याकाळी सांगलीला फोन गेला की उद्या येऊ नका, लेक दिली.

लग्न ठरलं, पण वस्तादांच्या मनातली रुखरुख काही गेली नाही. पत्रिका वाटताना, मांडवाच्या मेढी रोवताना ते मध्येच थांबायचे आणि पुटपुटायचे, "पाठ मात्र टेकली होती." शालन म्हणायची, "बाबा, आधी पत्रिका वाटून या."

लग्नाला सगळा गाव लोटला. सांगलीचे पाहुणेही आले, जेवणाशी कुणाचं वैर असतं? मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निनूला सांगितलं होतं, बोहल्यावरच्या गादीवर नुसतं उभं राहायचं. तो उभा होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. शालन इतकी गोड दिसत होती की निनूला भरून आलं. ती हसत पुढं आली आणि माळ घालायला तिनं दोन्ही हात त्याच्या गळ्याकडं नेले.

मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "निनू, हिला नाही," म्हणाल्या. पण वाजंत्री सुरू झाली होती.

निनूचा शालनवर फार जीव होता. पण दया नाही, माया नाही. समोर कुणी पण असू दे. नवरदेव फेट्या-मुंडावळ्यांसकट खाली बसला, पाठीवर गेला आणि त्यानं दोन्ही पाय वर केले. माळ बरोबर पायांत पडली.

वाजंत्री बंद. भटजींनी पोथी मिटली. शालन क्षणभर बघत राहिली. मग तिनं पदर कमरेला खोचला, पायांतली माळ काढून घेतली, एका हातानं त्याचे दोन्ही गुडघे एका अंगाला लोटले, दुसऱ्या अंगानं आत शिरली, छातीवर गुडघा ठेवला आणि माळ गळ्यात घातली. स्पर्धेच्या दिवशी शेजारच्या गादीवरच्या लढतींत तिनं तेवढं बघून ठेवलं होतं. मॅडम नंतर म्हणाल्या, गार्ड असा ओलांडायला त्यांना स्वतःला दोन वर्षं लागली होती.

निनूनं खालूनच मान वळवून विचारलं, "मॅडम, आता?"

सगळा मांडव मॅडमकडं बघायला लागला. मॅडमनी हात जोडले. "आता काही करू नकोस. लग्न लागून संपेपर्यंत काही म्हणजे काही करू नकोस."

"आता कळलं, मॅडम."

आणि निनूनं काही केलं नाही. भटजी म्हणाले, उठा. तो उठला नाही. मंगळसूत्र बांधा म्हणाले. त्यानं हात हलवला नाही. शालननं त्याची बोटं धरून ते बांधून घेतलं. होम पेटला. सप्तपदी आली. नवरा-नवरीनं सात पावलं बरोबर चालायची, आणि नवरा बोहल्यावर पसरलेला. मॅडम येऊन कानात ओरडल्या, "अरे, ऊठ की."

"लग्न संपलं का?"

"नाही अजून."

"मग?" निनू म्हणाला.

भटजी म्हणाले, सात पावलं झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. शालनचा चेहरा उतरला. इथवर येऊन घोडं अडलं होतं. तिचा चेहरा बघून वस्ताद उठले. त्यांनी तालमीतले गडी हाकारले. दोघांनी निनूचे पाय धरले, दोघांनी कंबर धरली, आणि डोक्याकडची बाजू वस्तादांनी स्वतः काखेत हात घालून उचलली. पुढं शालन, मागं आडवा नवरा. भटजी एकेक पाऊल मोजत होते. सांगलीचे पाहुणे माना वाकड्या करून बघत होते.

सातवं पाऊल पडलं. वस्तादांना धाप लागली होती, घाम मिशांवरून ओघळत होता. त्यांनी सहज खाली बघितलं. निनूची पाठ हवेत होती. त्यांनी वाकून पुन्हा बघितलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की तसा आम्ही कधी बघितला नव्हता. इतक्या महिन्यांची रुखरुख गेली.

"मंडळी, बघून घ्या," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "सात पावलं झाली, लग्न लागलं, आणि माझ्या जावयाची पाठ टेकली न्हाई."

असं म्हणाले आणि मंडळींना नमस्कार करायला, निनूला धरलेले दोन्ही हात त्यांनी जोडले.